भिंतीकडे तोंड करून बसणारे वसंतभाऊ

पासवर्ड टाकायची वेळ आली की वसंतभाऊ खुर्चीसकट भिंतीकडे तोंड करून बसत. नुसती मान वळवून भागवत नसत. खुर्ची खरखर ओढायचे, पाठ पूर्ण फिरवायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून शाळेतल्या पोरासारखे गप्प बसायचे. 'झालं का ताई?' असं विचारून तुम्ही 'झालं' म्हटल्याशिवाय वळायचे नाहीत. त्यांनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पासवर्ड टाकण्याआधी मी ती भिंतच नीट तपासून घेतली, कुठे आरसा वगैरे लावलेला तर नाही ना म्हणून. भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि पंख्याचा रेग्युलेटर. रेग्युलेटरचं बटण जरा चकचकीत वाटलं, म्हणून मी कीबोर्डवर पदर धरला.

आधीच सांगून टाकते, मी संशयी बाई आहे. भाजीवाली 'आत्ताच तोडून आणली' म्हणाली की मी भेंडीचं टोक मोडून बघते. घराला कुलूप लावून ते तीनदा ओढते आणि फाटकापर्यंत गेल्यावर चौथ्यांदा ओढायला ह्यांना पाठवते. आमचे हे म्हणतात, 'तुझ्या पोटात दोन माणसं राहतात. एक काम करतो, दुसरा त्याच्यावर पाळत ठेवतो.' बालाघाटात माझ्याहून संशयी कोणी असेल तर ते वसंतभाऊ, असं मला त्या पहिल्या भेटीत वाटलं आणि का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं.

माझा लॅपटॉप तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यात माझं स्वतःचं असं काही नव्हतं, होतं ते समाजाचं. आमच्या समाजाची मध्य प्रदेशात बालाघाट, लालबर्रा, लांजी या बाजूला बरीच घरं आहेत. आजे-पणजे विदर्भातून आलेले, शेतीवाले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. दरवर्षी आमचा परिचय मेळावा भरतो आणि त्यात लग्नाच्या मुलामुलींची पुस्तिका निघते. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे काम माझ्याकडे आलं. कमिटीत मी एकटीच बाई, त्यामुळे मुलींच्या आया फोटो आणि कागद माझ्याच हातात द्यायच्या. पुस्तिकेत छापतो तो वडिलांचा नंबर आणि शिक्षण. पण माझ्याकडच्या फाइलींत मुलीचा स्वतःचा नंबर असे, घरचा पत्ता असे, कुणाचं पहिलं लग्न मोडलेलं असे, कुणाला सिकलसेलचा रक्ताचा आजार असे. 'मॅडम, तुमच्याजवळ देऊन राह्यली. बाहेर नाही गेलं पाह्यजे,' असं त्या म्हणायच्या आणि मी शब्द द्यायचे. चार वर्षांत तो शब्द एकदाही मोडला नव्हता. त्या फाइलींची दुसरी प्रत मी मुद्दामच ठेवली नव्हती. पेनड्राइव्ह ही चीज मला कधी पटलीच नाही. बोटाएवढी वस्तू, कुणीही मुठीत घालून न्यावी.

तर हा लॅपटॉप म्हातारपणाला लागला. सकाळी बटण दाबून मी कुकर लावायचे, तीन शिट्ट्या झाल्या की पडदा उजळायचा. एखाद्या मुलीचा फोटो उघडायला घ्यावा तर तो उघडेपर्यंत तिचं वय वाढेल की काय असं वाटायचं. भाच्याने फोनवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं. म्हणे सगळी साफसफाई आपोआप होते. ते टाकल्यावर चौथी शिट्टी लागायला लागली. मेळावा तीन आठवड्यांवर आला होता, पुस्तिका प्रेसमध्ये जायची होती आणि पंचवीस-तीस बायोडेटा अजून टाइप व्हायचे होते. शेवटी बसस्टँडमागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानाला लागून असलेल्या 'वसंत कॉम्प्युटर'मध्ये मी लॅपटॉप घेऊन गेले. लॅपटॉप पिशवीत, पिशवी पोटाशी.

वसंतभाऊ पन्नाशीचे, सावळे, किरकोळ अंगाचे. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. त्यांनी लॅपटॉपला हातच लावला नाही.

"काय झालं थे नका सांगू ताई," ते म्हणाले. "कवापासून झालं थे सांगा."

मी म्हटलं, दोन-तीन महिन्यांपासून, आणि मी काही केलेलं नाही.

"सगळे असंच म्हणते. मशीन खोटं नाही बोलत, मालक बोलते."

मला राग आला. मग त्यांनी लॅपटॉप कानाजवळ नेला, बाजूच्या जाळीचा वास घेतला आणि विचारलं, "घराजवळ राइसमिल आहे का?"

आमचं घर राइसमिलच्या मागेच आहे. पण या माणसाला ते कसं कळलं? मी याला पत्ता सांगितला नव्हता. मी पिशवी उचलायच्या बेतात होते. एवढ्यात त्यांनी स्क्रू काढून खालचं झाकण उघडलं आणि मला दाखवलं. आतल्या पंख्यावर धानाच्या कोंड्याचा पिवळट थर बसलेला होता, बोटाने खरवडावा लागेल इतका जाड. "श्वासच नाही घेऊन राह्यली ही. काम कोठून करन?" असं म्हणत त्यांनी बारीक ब्रशने पंखा झाडायला सुरुवात केली. कुणाचंही यंत्र आलं तरी त्यांचा हाच नेम होता, आधी धूळ काढायची आणि मगच बाकीचं बघायचं. त्यांचं वाक्यही ठरलेलं होतं, "पहिले हवा, मंग दवा."

मग यंत्र चालू करून त्यांनी, सुरू होताना आपोआप काय काय जागं होतं, त्याची यादी उघडली. ती बघून मलाच लाजल्यासारखं झालं. मी कधी न मागितलेली सतरा कामं सकाळी सकाळी आत उठून बसत होती. व्हायरस पकडणारी दोन-दोन सॉफ्टवेअरं होती. "दोन चौकीदार ठेवले तुम्ही," वसंतभाऊ म्हणाले. "दिवसभर एकमेकालेच पकडून राह्यले. चोराकडं पाहाले फुरसत कोणाले?" भाच्याच्या फुकट सॉफ्टवेअरवर आल्यावर तर ते थांबलेच. चष्मा वर करून म्हणाले, "हे कोणी टाकलं? जो फुकट झाडू माराले येते, थो घर पाहून जाते ताई." हे वाक्य मला इतकं पटलं की मी ते घरी येऊन ह्यांना दोनदा ऐकवलं.

त्यांचा आणखी एक नेम होता, त्याने मात्र माझा संशय वाढला. त्यांच्याजवळ एक लांबोडी वही असे. काहीही काढण्याआधी ते त्यात लिहायचे, काय काढतो, विचारलं का, मालक काय म्हणाला. आणि प्रत्येक ओळीपुढे तुमची सही घ्यायचे. पंखा झाडला तरी सही. मला वाटलं, एवढी लिखापढी करणारा माणूस नक्की काहीतरी लपवत असणार. सरळ माणसाला इतके कागद कशाला लागतात?

शेवटी ते म्हणाले की आतली डिस्क जुनी, फिरणारी आहे आणि थकली आहे. नवी, न फिरणारी डिस्क टाकली तर हीच मशीन पळेल. ती गोंदियाहून दोन दिवसांत येणार होती. तोवर लॅपटॉप घरी न्या, म्हणाले. "कामाचं जे असंन थे दुसरीकडं उतरवून ठेवा. डिस्क आणि माणूस, कवा जाईन सांगता नाही येत." त्यांनी पावती लिहिली आणि खाली पूर्ण नावाने सही केली.

आमच्या भागात आडनाव वाचलं की माणसाची वस्ती कळते, त्याच्या घरात कुणाचा फोटो असेल तेही कळतं. वसंतभाऊ बौद्ध होते. मी पावती वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. एवढंच केलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते.

त्याच संध्याकाळी कमिटीचे अध्यक्ष धनराजजींचा फोन आला. लॅपटॉप कुठे दाखवला म्हणून त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. पलीकडून एक लांब 'हंऽऽ' आला. मग म्हणाले, "काम चांगलं करते म्हणते तो. पर आपल्या पोरींचे फोटो आहेत मॅडम त्याच्यात. पाहा बाप्पा." ते पुढे काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, दोघांनाही समजलं होतं. भाजीवालीवर मी संशय घेते तेव्हा निदान भेंडी मोडून बघते. इथे मी काहीच मोडून बघितलं नाही.

आता त्या फाइली ठेवायच्या कुठे? माझी आई गावाला जाताना सोन्याच्या पाटल्या गोवऱ्यांच्या ढिगात, तळाच्या गोवरीखाली ठेवायची. चोर कोठी उघडेल, पेटी फोडेल, पण शेणात हात घालणार नाही, असा तिचा हिशेब. आयुष्यभर तिचं काही चोरीला गेलं नाही. मीही तिचीच लेक. वसंतभाऊंकडे जायच्या दिवशी सकाळी बायोडेटाचं आणि फोटोंचं सगळं फोल्डर मी लॅपटॉपच्या कचरापेटीत टाकलं. फोल्डरं उघडून बघणारा माणूस कचरा कशाला चिवडेल? घरी आल्यावर परत काढून घेऊ. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की रिक्षात बसून गुणगुणत गेले.

वसंतभाऊंनी नवी डिस्क दाखवली, वेष्टन माझ्यासमोर फोडलं आणि त्याचीही वहीत नोंद केली. मग म्हणाले, जुनं ओझं नव्या डिस्कवर कशाला न्यायचं, आधी थोडी सफाई करू. एकेक विचारत गेले. हे जुनं सॉफ्टवेअर काढू का? काढा. सही. ह्या न लागणाऱ्या फाइली? काढा. सही.

"कचऱ्यात काही कामाचं आहे का?"

'आहे' म्हणावं तर हे उघडून बघणार. कचऱ्यात काम कसं आलं, असं विचारणार. मी म्हटलं, "नाही. कचराच तो."

ते वहीत लिहायला लागले. मग मान वर करून पुन्हा विचारलं, "पाहून घ्या ताई. लय भरलेला दिसून राह्यला. काहीच नाही ना?"

"नाही म्हटलं ना," मी जरा चढ्या आवाजात म्हणाले आणि सही केली.

त्यांनी बटण दाबलं. कागद चुरगाळल्यासारखा तो बारीकसा आवाज येतो ना, तो आला. मी उठून ओरडायला हवं होतं. थांबा, चुकलं, त्यात माझ्या पोरी आहेत. पण ओरडले असते तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ असूनही मला ते द्यायचं नव्हतं. मी तशीच बसून राहिले. वसंतभाऊ मशीन बंद करून जुनी डिस्क काढत होते, नव्या डिस्कवर सगळं उतरवत होते, मधेच चहा मागवत होते. मी तो चहासुद्धा प्यायले.

जाताना त्यांनी जुनी डिस्क एका जाड पाकिटात घातली, तोंड चिकटवलं, त्यावर माझी सही घेतली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "हे कोणालेच देऊ नका. रद्दीत नाही, भंगारात नाही. कपाटात ठेवा." मी ते घरी नेऊन साड्यांखाली ठेवलं. लॅपटॉप आता डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडत होता. इतका झपाट्याने उघडायचा आणि आत कुणीच नसायचं.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी प्रेसवाल्याने धनराजजींना विचारलं आणि धनराजजींनी मला. इथे मी जे केलं ते लिहायला हात जड होतो, पण लिहिते. मी म्हटलं, "रिपेअरिंगला दिला होता. त्याच्याकडून उडालं सगळं."

धनराजजी स्कूटर घेऊनच आले. दुकानाच्या पायरीवरूनच त्यांनी सुरुवात केली. "उडवलं का काढून घेतलं? तीनशे पोरापोरींचं होतं त्याच्यात. आमच्या पोरींचे फोटो कोठी गेले ते सांग पहिले!" सायकलवाला हातातली पकड घेऊन बघायला आला. रस्त्यावर चार माणसं थांबली. मी धनराजजींच्या मागे उभी होते, त्यांच्या सावलीत.

वसंतभाऊ उठून उभे राहिले. त्यांचा उजवा हात टेबलावरच्या वहीवर होता. त्यांनी ती फक्त उघडायची होती. माझी सही, माझं 'काही नाही', तारखेसकट. त्यांनी धनराजजींच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मला वाटतं, तेवढ्यात त्यांना सगळंच कळलं.

"चूक झाली साहेब," ते म्हणाले. "मशीनच्या कामात होते कवा कवा. चार दिवस द्या. काढून देतो."

"नाही निघालं तर?"

"तर मंग इथीच असतो मी. कोठी जाऊन राह्यलो?"

धनराजजी धमकी देऊन गेले. पांगापांग झाली. वसंतभाऊंनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पाणी प्यायला मागे गेले. कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

परत येऊन म्हणाले, "कचऱ्यातच होतं ना?"

"हो."

"काहून ठेवलं होतं तेथी?"

मी वही मिटून त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी प्रश्न सोडून दिला. "थे पाकीट फोडलं का तुम्ही?"

"नाही. साड्यांखाली आहे."

"मंग जिवात जीव आणा. कचरा फेकला तरी गाडी येईपर्यंत कोपऱ्यातच पडून राह्यते. त्या डिस्कवर तवापासून कोणी काही लिहिलं नाही. सगळं त्याच्यातच असंन."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. ज्या फाइली चोरल्याचा आळ मी या माणसावर येऊ दिला, त्या माझ्याच कपाटात, माझ्याच सहीच्या पाकिटात होत्या. आणि ते पाकीट मला त्यांनीच दिलं होतं.

पुढचे दोन दिवस मी त्यांच्या दुकानात बसून काढले. जुनी डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून त्यांनी शोध सुरू केला. फाइली निघू लागल्या, पण नावं गळून गेलेली. फोटो एकीकडे, कागद एकीकडे. कोणता चेहरा कोणत्या कागदाचा, हे उघडून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणजे ज्याची मला भीती होती तेच. एकेक मुलगी पडद्यावर मोठी करून बघायची. वसंतभाऊंनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं, माऊस माझ्या हातात दिला आणि स्वतः स्टूल घेऊन रस्त्याकडे तोंड करून उंबऱ्याशी बसले. गिऱ्हाईक आलं की तिथूनच सांगायचे, "आज मशीन बिमार आहे, उद्या या." मी फोटोचा आकडा सांगायचे, ते न वळता वहीत खूण करायचे. दीडशेव्या फोटोनंतर मीच म्हटलं, "वसंतभाऊ, पंख्याखाली तरी बसा. ऊन येतंय तिथे." ते म्हणाले, "मी बरा आहो इथी."

सात मुलींचे फोटो अर्धेच निघाले. वर कपाळ आणि खाली राखाडी पट्टा. त्या घरांना मी स्वतः गेले. लांजीला बसने जाऊन दोन फोटो पुन्हा आणले, 'माझ्याकडून खराब झाले' असं सांगून. निदान तिथे तरी खरं बोलले. काम संपल्यावर त्यांच्या यंत्रातलं सगळं वसंतभाऊंनी माझ्यासमोर पुसलं, दोनदा पुसलं, आणि या खेपेला वहीत स्वतःच सही केली. पुस्तिका वेळेवर निघाली. आभाराच्या पानावर प्रेसवाला होता, मंडपवाला होता, केटरर होता. मी वसंतभाऊंचं नाव लिहून दिलं होतं. छापून आलं तेव्हा ते नव्हतं. धनराजजी म्हणाले, "ज्यानं उडवलं त्याचेच आभार मानाचे का मॅडम?" मेळाव्याचा मंडप भरलेला होता. मी पुन्हा गप्प बसले.

गेल्या हिवाळ्यात वसंतभाऊ गेले. काविळीचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं. त्याआधीच्या दोन-अडीच वर्षांत मी त्यांच्याकडे कितीतरी वेळा गेले, कधी कामाला, कधी नुसतीच. शाळेतल्या माझ्या मैत्रिणींना त्यांच्याकडे पाठवलं. त्या परत येऊन सांगायच्या, 'काय संशयी माणूस आहे गं, पंखा झाडला तरी सही घेतो!' मी हसत नसे. कारण मेळाव्यानंतरच्या सोमवारी जे झालं ते मला ठाऊक होतं.

त्या सोमवारी मी दुकानात गेले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर धीर सुटला असता. "वसंतभाऊ, तुम्ही विचारलं होतं, काहून ठेवलं. पावतीवरचं तुमचं आडनाव वाचलं, म्हणून ठेवलं. तुमच्यापासून लपवायला. आणि धनराजजींना मी खोटं सांगितलं."

ते एका कीबोर्डची बटणं काढून पुसत होते. पुसत राहिले.

"मले त्याच दिवशी समजलं होतं ताई," ते म्हणाले. "पावती हातात घेईपर्यंत तुमची पर्स टेबलावर होती. वाचली अन् मांडीवर घेतली."

मला ते आठवतही नव्हतं.

"राग नाही आला?"

"आलता ना. लय आलता. थो तुमचा अध्यक्ष ओरडून राह्यलता तवा वही उघडाचीच होती मले." त्यांनी एक बटण फुंकलं. "मंग वाटलं, उघडली तर या बाईच्या हातचं काम जाईन. अन् त्या पोरींचे कागद उद्या याच्यासारख्याच्या हातात जाईन. त्याच्यापरीस तुम्ही बऱ्या."

मी विचारलं, इतकी लिखापढी ते पहिल्यापासूनच करत आले का. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काम थांबवलं.

"पहिले नव्हतो लिहित. दुकान नवं होतं तवा एका घरी प्रिंटर लावाले गेलतो. त्यांच्या बाईची अंगठी हरवली. दोन घंटे मले ओसरीत बसवून ठेवलं, खिसे पाहिले, डब्बा उघडून पाहिला. अंगठी बाथरूमात भेटली. कोणी माफी नाही मांगली, च्या मातर दिला. तवापासून लिहितो. आमच्यावर पहिले येते ना ताई संशय. म्हणून मी पहिले लिहून ठेवतो. तोंड फिरवतो, सही घेतो. तुमाले वाटते, मी लोकावर भरोसा नाही ठेवत. मले लोकाले हात नाही लावू द्याचा माह्या खिशाले, पुन्हा."

माझ्या सगळ्या आयुष्यात मी दुसऱ्यावर संशय घेतला. कुणी माझ्यावर घेतला तर दिवस कसा काढायचा, हा विचार मला कधी करावाच लागला नव्हता. मी खुर्चीवर बसले. माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही ते मला कळलं नाही. त्यांनी उठून खण उघडला, एक पासपोर्ट आकाराचा फोटो आणि मार्कशीटच्या झेरॉक्स काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"माही पोरगी आहे. गोंदियाले नर्स आहे दवाखान्यात. आता तिचं पाहाचं आहे. तुमच्या किताबात टाकाले नाही सांगून राह्यलो, आमच्या समाजात देतो मी. पर मले असं लिहिता नाही येत, अन् तिले हिंदीच येते. तुम्ही चांगलं लिहून देता. ठेवा तुमच्याजवळच."

फोटोत पांढऱ्या गणवेशातली मुलगी होती, वडिलांसारखीच काटक, ओठ घट्ट मिटलेले. मी पेन काढलं. नाव, जन्म, शिक्षण, उंची. वसंतभाऊ सांगत गेले, मी लिहीत गेले. शेवटी 'अपेक्षा' आली. तिथे काय लिहायचं ते मला पाठ आहे. मी विचारलं, "नोकरीवाला, निर्व्यसनी, सुशिक्षित घराणं... असंच लिहू ना?"

त्यांनी टेबलावरचा फोटो सरळ केला. मग म्हणाले, "नोकरी नसली तरी चालन. असं लिहा, पोरीनं सांगितलेलं पहिल्याच खेपेले खरं मानणारं घर पाह्यजे."

मी चार वर्षं शेकडो बायोडेटा लिहिले होते, त्याआधी तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. पण ते वाक्य मी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं, एक अक्षर न बदलता. लिहिताना मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.